चौदा सेंटीमीटर कमी पडणारी गोळी

मित्रांनो, मी गोळी आहे. औषधाची नव्हे, चोखायची नव्हे आणि बंदुकीची तर मुळीच नव्हे. मी पोलादाची, वाटाण्याहून मोठी आणि आवळ्याहून लहान अशी एक म्हातारी गोळी आहे. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावरून खाली पडणे, ही माझी नोकरी. वर्षानुवर्षे मी इमानेइतबारे पडत आले. पण आपण पडतो ते बरोबर पडतो की चूक, हा गोंधळ माझ्या मनातून फार उशिरा गेला. आणि खरे सांगायचे तर अजूनही पुरता गेलेला नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड तारेचा तुकडा कापून तो दोन साच्यांमध्ये दाबला. मग मला आणि माझ्या हजारो बहिणींना दोन जड चकत्यांमध्ये घालून इतके घासले, इतके घासले, की आमचा पुढचा भाग कोणता आणि मागचा कोणता हेच आम्हांला कळेनासे झाले. चाकांच्या आत बसून गाड्या पळवायच्या, असे आमच्या नशिबी लिहिलेले होते. पण शेवटच्या टेबलावर एक तपासणीसबाई बसत असे. तिने मला मापकात धरले, डोळा बारीक केला आणि म्हणाली, "ही किंचित जास्त आहे." मला उचलून तिने वेगळ्या तबकात टाकले. इतक्या हजारांत मीच का जास्त, हे मला कुणी सांगितले नाही.

तिथून मी सुटी विकली गेले आणि प्रयोगशाळेत आले. तिथल्या काकांनी माझे स्वागत छान केले. हे काका म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस. टेबले मांडणे, काचसामान धुणे, फ्यूज उडाला की बसवणे, सगळे तेच करत. त्यांनी एका पत्र्याच्या डबीत कापूस घातला, मला तेलाच्या फडक्याने पुसले आणि त्यात ठेवले. दर आठवड्याला ते मला न चुकता पुसत. इतके कोडकौतुक कारखान्यात कुठले व्हायला?

आता माझे काम कसे चाले ते सांगते. टेबलावर एक वाकवलेली पन्हळ उभी केलेली असे. तिचे वरचे टोक टेबलापासून बरोबर पंचवीस सेंटीमीटर उंच. खालचे टोक टेबलाच्या कडेशी अगदी आडवे. मुले मला वर धरत आणि सोडून देत. मी घरंगळत खाली येई, टोकावरून हवेत झेपावे आणि जमिनीवर जाऊन आदळे. जिथे मी पडे तिथे पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर पसरलेला असे. माझ्या आदळण्याने खालच्या कागदावर काळा ठिपका उमटे. टेबलाच्या कडेखालच्या खुणेपासून त्या ठिपक्यापर्यंतचे अंतर मुले मोजत. झाला प्रयोग!

मला या प्रयोगातल्या पुष्कळ गोष्टी कळत नसत. एकदा शिकवणाऱ्या सरांनी एक गंमत दाखवली. माझ्यासारखीच दुसरी एक गोळी त्यांनी टेबलाच्या कडेवरून नुसती सरळ खाली सोडली आणि नेमकी त्याच क्षणी मी पन्हळीतून बाहेर झेपावले. ती तिथल्या तिथे खाली गेली, मी कुठल्या कुठे गेले. तरी दोघींचा आवाज एकच झाला, टक्! मी इतका लांबचा प्रवास केला आणि ती नुसती खाली उतरली, मग दोघी एकाच वेळी कशा पोचलो? वर्ग माना डोलावत होता. मी मात्र कितीतरी दिवस विचार करत राहिले.

पण खरा घोळ वेगळाच होता. टेबल एक्याऐंशी सेंटीमीटर उंच, पन्हळ पंचवीस. प्रयोगाच्या पुस्तकातल्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येई नव्वद. म्हणजे मी नव्वद सेंटीमीटरवर पडायला हवे होते. आणि मी पडे शहात्तरच्या आसपास. दर वेळी. दहा वेळा सोडले तर दहा ठिपके एका नाण्याखाली झाकले जातील इतके जवळजवळ. पण नव्वदच्या चौदा सेंटीमीटर अलीकडे.

मुले काय करत? आधी मला दोष देत. मग टेबल हलवत. मग एकमेकांकडे बघत आणि वहीत एकोणनव्वद पॉइंट सात, नव्वद पॉइंट दोन असे आकडे लिहीत. सर ते बघत, मान हलवत आणि सही करत. सर वाईट नव्हते, बरे का. खडूने पांढऱ्या झालेल्या बाह्या, मोठा आवाज आणि शिकवण्याची खरी हौस असा तो माणूस. पण नव्वदवर त्यांची इतकी श्रद्धा की मुले पाठीमागे त्यांना 'नव्वदे सर' म्हणत. त्या प्रयोगाच्या दिवशी ते स्वतः कधी जमिनीवर वाकून मोजत नसत. त्यांचे गुडघे दुखत.

मी मात्र मनातून खचत गेले. कारखान्यात मी जास्त ठरले होते, इथे कमी पडत होते. कधी कधी मी ठरवे, आज जीव तोडून उडी मारायची. आणि कागदावर ठिपका उमटे तो शहात्तरलाच. मित्रांनो, आपल्याकडून काहीतरी चुकते आहे आणि काय चुकते आहे ते कळत नाही, याइतके अवघड दुखणे नाही.

अशी बरीच वर्षे गेली. मग एकदा पहिल्या वर्षाच्या वर्गात एका गवंड्याची मुलगी आली. बोलायला अगदी कमी. पहिल्याच दिवशी तिने टेबलाच्या कडेखालची खूण तपासायला दप्तरातून स्वतःचा ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले टोकदार वजन. भिंत सरळ उभी राहते की नाही ते गवंडी त्याने बघतात. वर्ग खदाखदा हसला आणि तिचे नावच ओळंबा पडले. तिची जोडीदारीण होती चिमणी. ती अखंड बडबडे आणि दर सोमवारी तिच्या नखांचा रंग बदललेला असे.

ओळंबाने मला वीस वेळा सोडले. वीस ठिपके मोजले. सरासरी काढली. मग ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली.

"काय गं, भूत दिसलं का?" चिमणीने विचारले.

"पंच्याहत्तर पॉइंट आठ येतंय."

"सगळ्यांचंच येतं. लिही नव्वद आणि चल. खोडरबर देऊ?"

"नव्वदच लिहायचं होतं तर मग मोजलं कशाला?"

चिमणीने बाहेर काढलेले खोडरबर परत दप्तरात टाकले.

सर टेबलापाशी आले. त्यांनी वही बघितली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पंच्याहत्तर? सगळ्या वर्गाचं नव्वद येतं आणि तुझं एकटीचंच कसं येत नाही?"

ओळंबा खाली मान घालून म्हणाली, "सर, कुणाचंच येत नाही."

मुलांचे चेहरे उतरले. सरांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे सगळे खोटं लिहितात आणि तू तेवढी हरिश्चंद्राची मुलगी?"

तिला कुणाचा अपमान करायचा नव्हता. तिला फक्त प्रश्न पडला होता. पण तोंडातून निघालेला शब्द आता परत कसा घेणार?

"शनिवारपर्यंत नव्वद आण," सर म्हणाले. "नाही आलं, तर जर्नलवर सही मिळणार नाही." जर्नलवर सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, हे तिथल्या टेबलखुर्च्यांनाही ठाऊक होते. जाता जाता त्यांनी मला बोटांत धरून बघितले आणि काकांना म्हणाले, "ही गोळी झिजलेली दिसते. नवी काढा. ही भंगारात टाकून द्या."

भंगारात! मित्रांनो, माझ्या अंगात घाम यायची सोय असती तर मी त्या क्षणी ओलीचिंब झाले असते.

काकांनी कपाटातून कोरी करकरीत गोळी काढली. ओळंबाने ती सोडली. ती डौलात घरंगळली, झेपावली, आणि टक्! पंच्याहत्तर पॉइंट नऊ. मला आनंद व्हावा की वाईट वाटावे तेच कळेना. दोष माझा एकटीचा नव्हता, म्हणून जीव भांड्यात पडला. आणि दोष माझा नाही तर मग कुणाचा, म्हणून डोके आणखी गरगरले.

"दोन्ही सारख्याच दिसतायत, मिसळून जातील," असे म्हणत चिमणीने दप्तरातून नखांना लावायचा लाल रंग काढला आणि माझ्या अंगावर एक टिकली काढली. "ही म्हातारी, ती नवी." आयुष्यात पहिल्यांदाच मला नटवले होते, तेही असल्या प्रसंगी.

पुढचे दोन दिवस ओळंबाने काय नाही केले! टेबलाच्या पायाखाली कागदाच्या घड्या घातल्या. पंखा बंद करून बघितला. खिडक्या लावून बघितल्या. पन्हळ पुसली, परत पुसली. मी पडत राहिले, शहात्तर, शहात्तर, शहात्तर. शुक्रवारी तास संपल्यावर ती स्टुलावर बसली आणि मुकाट्याने डोळे पुसू लागली. काकांनी ते बघितले. त्यांनी इकडेतिकडे नजर टाकली, पन्हळ स्टँडवरून सोडवली आणि मला डबीसकट तिच्या हातात दिले.

"घरी घेऊन जा. शांतपणे बघ. पण उद्या साहेब यायच्या आत सगळं जागेवर पाहिजे, नाहीतर माझी धडगत नाही."

अशी मी पहिल्यांदा कुणाच्या तरी घरी गेले. दोन खोल्यांचे घर. दाराशी थापी, घमेले आणि सिमेंटने कडक झालेले बूट. संध्याकाळी तिचे वडील कामावरून आले, हातपाय धुतले आणि जमिनीवर मांडलेल्या पन्हळीकडे बघत म्हणाले, "हे काय मांडलंयस?"

"बाबा, याचं खालचं टोक आडवं आहे का बघा ना. मला वाटतं त्यात खोट आहे."

वडिलांनी पाणसळ आणली. काचेच्या नळीत पाणी आणि त्यात हवेचा बुडबुडा असलेले ते साधन त्यांनी पन्हळीच्या टोकावर ठेवले. बुडबुडा मधोमध थांबला. "यात काही खोट नाही. अगदी आडवं आहे."

"मग गोळी कमी का पडते? पुस्तकात म्हटलंय, जेवढ्या उंचीवरून येईल तेवढा तिला वेग येणार. उंचीची सगळी ताकद वेगात जाते."

"सोड बघू एकदा."

तिने मला सोडले. मी खाली आले. वडिलांनी मला उचलून पुन्हा वर धरले आणि स्वतः सोडले. मग परत. चौथ्या वेळी ते पन्हळीला नाक लावून बसले. "ती लाल टिकली बघ," ते म्हणाले. "कशी गरागरा फिरतेय."

"फिरणारच ना बाबा. गोळी आहे ती."

"अगं, पण ती घसरत नाहीये, लोळत येतेय. फिरायला काही फुकट येतं का? आमच्या साइटवरचा काँक्रीटचा मिक्सर बघितलास ना? त्याचं पिंप जागच्या जागी फिरतं, एक पाऊल पुढे जात नाही. तरी डिझेल पितंच की."

ओळंबाने मला उचलून ती टिकली डोळ्यांजवळ धरली. मित्रांनो, जन्मापासून मी गरगरत आले होते. इतकी गरगरत होते की मी गरगरते आहे हेच मला कधी जाणवले नव्हते. तुमचा श्वास तुम्हांला दिवसभर जाणवतो का? तसेच ते.

"म्हणजे थोडी ताकद पुढे जाण्यात आणि थोडी फिरण्यात..." ती पुटपुटली. "बाबा, न फिरता नुसतं घसरेल असं काय असतं?"

वडिलांनी डोके खाजवले. "साबण? बर्फ?"

शनिवारी सकाळी सर आले तेव्हा पन्हळ जागेवर होती, मी जागेवर होते आणि टेबलावर कॅन्टीनमधून आणलेली बर्फाच्या खड्यांची पिशवी होती.

"हे काय? सरबत करायचंय?" सरांनी विचारले.

ओळंबा पुढे आली. "सर, नव्वद नाही आलं. पण तुम्ही एकदाच बघाल का? पाचच मिनिटं."

सर नाही म्हणणार होते. पण काका टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "बघा की साहेब. पोरगी चार दिवस राबतेय." सरांनी हाताची घडी घातली. नाही म्हणाले नाहीत.

तिने आधी मला सोडले. टक्, शहात्तरला जरा कमी. मग पन्हळीला पाणी लावले आणि बर्फाचा खडा त्याच उंचीवरून सोडला. तो न फिरता, न लोळता, सुळकन घसरला, हवेत गेला आणि जमिनीवर आपटून फुटला. चिमणीने ओल्या डागाच्या सुरुवातीला बोट ठेवले आणि मोजपट्टी धरली. "सत्त्याऐंशी!" ती ओरडली. पुन्हा सोडला, शहाऐंशी. पुन्हा सोडला, सत्त्याऐंशी.

सरांची घडी सुटली. त्यांनी दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला, टेबलाचा आधार घेतला आणि चक्क जमिनीवर बसले. स्वतःच्या हाताने त्यांनी दोन्ही खुणा मोजल्या. मग मला उचलले आणि लाल टिकलीकडे बघत राहिले.

"ही फिरते, सर," ओळंबा म्हणाली. "बर्फ फिरत नाही. मला वाटतं फिरण्यातही काहीतरी खर्च होतं. किती ते मला काढता येत नाही."

"मला येतं," सर अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "अगं, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे मीच शिकवतो. फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा. समोरच्याच फळ्यावर शिकवतो."

ते उठून फळ्याकडे गेले. खडू भराभर चालू लागला. माझे वजन खोडले गेले, माझी त्रिज्या खोडली गेली, मी लहान की मोठी, झिजलेली की कोरी याने काही फरकच पडत नव्हता म्हणे. माझी सारी ऊर्जा सात वाट्यांत विभागली तर पाच वाटे पुढे जाण्यात आणि दोन वाटे गिरक्या घेण्यात जात होते. शेवटी उत्तर आले. शहात्तर पॉइंट शून्य सहा.

सर फळ्याकडे पाठ करून उभे राहिले. समोरच्या कपाटात जुनी जर्नले रचलेली होती. त्यांतल्या प्रत्येकात नव्वद होते आणि प्रत्येक नव्वदखाली त्यांची सही. त्यांना राग आला होता, लाज वाटत होती की हसू येत होते, हे मला चेहऱ्यावरून ओळखता येईना. बहुधा त्यांनाही ते ओळखता येत नसावे.

मग त्यांनी ओळंबाचे जर्नल ओढले, पंच्याहत्तर पॉइंट आठच्या खाली सही केली आणि म्हणाले, "वर्गाला खोटं लिहायची सवय मी लावली. तू नाही बोलली असतीस तर मी असाच रिटायर झालो असतो."

सोमवारी त्यांनी हेच सगळ्या वर्गासमोर सांगितले. इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाला ते सांगताना दोनदा पाणी प्यावे लागले. मग ते म्हणाले, "सगळ्यांनी प्रयोग पुन्हा करायचा. जे येईल ते लिहायचं." वर्गाला काही भरून वगैरे आले नाही. उलट सबमिशन तोंडावर आलेले असताना काम वाढवून ठेवले, म्हणून सगळे ओळंबावर चिडले आणि महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. चिमणी तेवढी तिच्याजवळ बसे आणि चाळीस जणांच्या वाटची बडबड एकटीच करे. सरांचे नाव मात्र आठवडाभरात बदलले. ते 'शहात्तरे सर' झाले. त्यांना ते कळले होते. त्यांनी कधी मनाई केली नाही.

मला भंगारात टाकले नाही. उलट त्या वर्षापासून दर वर्षी सर मला हातात धरून विचारत, "ही किती लांब पडेल?" मुले नव्वद म्हणत, मी शहात्तरला पडे आणि मग सर गप्प बसत, मुलांना गोंधळू देत. माझ्या नोकरीतले ते सोन्याचे दिवस.

सर निवृत्त झाले त्या दिवशी सकाळी ते एकटेच प्रयोगशाळेत आले. खाली कागद नव्हता, कार्बन पेपर नव्हता. त्यांनी मला पन्हळीच्या वरच्या टोकाशी धरले आणि नुसते सोडून दिले. मी पडले, उसळले आणि घरंगळत कपाटाखाली गेले. त्यांनी पट्टी घालून मला काढायचा प्रयत्न केला, पण पट्टी पोचेना. बाहेरून कुणी तरी हाका मारल्या, "सर, हार आणलाय, चला!" त्यांची पावले दूर गेली. मोजायचे नव्हते तर त्यांनी मला का सोडले, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

कपाटाखाली मी सहा वर्षे होते. काकाही दरम्यान गेले असावेत, कारण तेलाचे फडके घेऊन मला शोधायला कुणी आले नाही. धूळ बसली, एका ओल्या हंगामात गंज चढला. शेवटी फरशी बदलायला कारागीर आले, कपाट हलले आणि त्यांतल्या एकाने मला खिडकीच्या कठड्यावर ठेवले. आता इथे प्रयोग कॅमेऱ्याने होतात. हवेतल्या चेंडूचा मार्ग पडद्यावर आपोआप उमटतो. मला कुणी हाक मारत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

फक्त एवढेच मागते, मित्रांनो. तुमचे मोजमाप पुस्तकाशी जुळले नाही, तर लगेच खोडरबर शोधू नका, आणि लगेच हातातल्या वस्तूला किंवा शेजारच्या माणसाला भंगार ठरवू नका. पुन्हा मोजा, वाकून बघा, लाज न बाळगता विचारा. गोंधळलेले राहायची थोडी सवय करा. त्याने कुणी मरत नाही. आणि लोखंडाची वस्तू वापरून झाली की कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे एक बोट फिरवा. अर्धे मिनिट लागते.